साडेनऊ हजारांचा ट्रेकिंग बूट आणि त्याची लेस : हरिहर ते अन्नपूर्णा बेस कॅम्प

काल कंपनीचा मेल आला. उजव्या बुटाचं पेस्टिंग (सोल चिकटवलेला जोड) सुटलंय ते म्हणे 'वेअर अँड टेअर'मध्ये येतं, वॉरंटीत बसत नाही. मागच्या जूनमध्ये नाशिकच्या कॉलेज रोडवरून साडेनऊ हजाराला घेतलेला बूट आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे. मिड-अँकल, वॉटरप्रूफ, जाड रबरी सोल वगैरे तुम्हाला माहितीच आहे, ते परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय लेसबद्दल, कारण सोलचं काम आपल्याकडे दीड-दोनशे रुपयांत होतं, पण या लेसने जेवढा वैताग दिलाय तेवढा कशानेच दिला नाही.

लेस गोल आहे आणि गुळगुळीत. गाठ धरतच नाही. पहिल्याच पावसात हरिहर किल्ल्यावर गेलो होतो, तिथल्या त्या उभ्या कोरलेल्या पायऱ्या माहीत असतील, दोन्ही हात खोबणीत घालून चढावं लागतं, आणि नेमकी तिथे डाव्या पायाची लेस सुटली. खाली वाकता येत नाही, मागे लोकांची रांग, वरून पाणी. लेसवर दुसरा पाय पडू नये म्हणून एकेक पायरी बघत वर गेलो आणि दरवाजात बसून बांधली. नंतर अंजनेरीला तेच, ब्रह्मगिरीला तेच. दुकानात जाऊन सांगितलं तर तिथला मुलगा म्हणाला, सर डबल गाठ मारा. डबल गाठ मारली की ओली होऊन अशी आवळते की संध्याकाळी नखं दुखेपर्यंत सुटत नाही. एवढे पैसे घेऊन लेस अशी देतात याचा मला खरंच राग येतो, चपटी लेस द्यायला यांना किती जास्त खर्च येणार होता?

तोपर्यंत माझं मत असं होतं की बूट जड आहे, लेस वाईट आहे, पैसे गेले. पण ऑक्टोबरमध्ये नेपाळला अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या ट्रेकला गेलो आणि निम्मं मत बदललं.

नाशिकरोडहून काशी एक्सप्रेसने गोरखपूर, पुढे सुनौली बॉर्डर, मग पोखराची बस. आपल्याला व्हिसा लागत नाही आणि 100 रुपयांचे 160 नेपाळी असा ठरलेला दर आहे, त्यामुळे परदेशातला ट्रेक म्हणून खिशाला हा सगळ्यात परवडणारा. वाटेत पाऊस, मग देउरालीच्या वर ओढ्यांचं पाणी, आणि माच्छापुच्छ्रे बेस कॅम्पच्या पुढे पहाटे ताजा बर्फ. मोजे शेवटपर्यंत कोरडे. अन्नपूर्णा बेस कॅम्पला, 4130 मीटरवर, बाकीचे लोक चुलीपाशी मोजे वाळवत बसले होते आणि मला त्याची गरजच पडली नाही. जडपणाही तिथे कळला कशासाठी आहे ते, दगडी पायऱ्यांवर घोटा एकदाही वळला नाही. वॉटरप्रूफिंगला माझ्याकडून पूर्ण मार्क.

लेस मात्र तिथेही सुटतच होती. छोमरोंगहून खाली नदीपर्यंत दगडी पायऱ्याच पायऱ्या, आणि पूल ओलांडला की तेवढंच परत सिनुवाला चढायचं. त्या उतारावर एका चौतारीवर (वाटेवरच्या विसाव्याच्या पारावर) मी परत लेस बांधत बसलो होतो, शेजारी एक भरिया दाई, म्हणजे ओझी वाहणारे दादा, डोको (पाठीवरची टोपली) टेकवून बसले. डोक्याला नाम्लोचा पट्टा, पायात गोल्डस्टारचे साधे कापडी बूट, टोपलीत गॅस सिलेंडर आणि तांदळाची गोणी. माझी लेस बोटांत धरून चोळली आणि म्हणाले, "यो त चिप्लो रहेछ, भाइ", म्हणजे ही तर निसरडी आहे. मग स्वतः माझ्या बुटाला हात घातला. मला फार संकोच वाटला, नको नको म्हणालो, पण ऐकेनात. पहिला वेढा एकदाच न घेता दोनदा घेतला, त्यामुळे खालचा ताण सरकत नाही, आणि वरचं फूल बांधताना एक फासा दुसऱ्याभोवती दोनदा फिरवून घेतला. शिवाय सगळ्यात वरच्या दोन हुकांपाशी लेस उलट फिरवून टाच मागे दाबून बांधली, म्हणजे उतारावर पाय पुढे घसरत नाही आणि अंगठ्याची नखं काळी पडत नाहीत. चढताना वरचं सैल सोड, उतरताना आवळ, असं हिंदी-नेपाळीत समजावलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, सिनुवाला एकत्र चहा प्यायलो तेवढंच. ती गाठ परतीपर्यंत टिकली.

घरी आल्यावर वाचलं की बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 2017 मध्ये लेस का सुटते यावर चक्क संशोधन झालंय. पाय जमिनीवर आपटला की धक्क्याने गाठ सैलावते, आणि लेसची मोकळी टोकं हेलकावे खात तिला ओढतात, मग दोन्ही मिळून काही सेकंदांत गाठ सुटून जाते. हे बूट बनवणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

परतताना घांद्रुकला ज्यांच्याकडे राहिलो ते गुरुंग बाबा भारतीय सैन्यातून निवृत्त. नाशिक म्हटल्याबरोबर म्हणाले, देवळाली! तिथे काही काळ राहिलेले, थंडीत कॅम्पात खाल्लेली द्राक्षं अजून आठवतात म्हणाले. रात्री डाळभात वाढता वाढता गप्पा, आणि सकाळी निघताना त्यांनी माझा उजवा बूट उलटा केला, पुढच्या टोकाला अंगठा दाबला आणि बारीक फट दाखवली. पेस्टिंग सुटतंय, कंपनीला आत्ताच कळव म्हणाले. मी तिथेच फोटो काढला, पोखराला उतरल्यावर मेल केला. म्हणजे सहा महिन्यांच्या वॉरंटीत तक्रार गेलेली आहे, तारखेसकट फोटो आहे. त्यानंतर यांनी काय केलं? बिल पाठवा, मग सोलचा फोटो पाठवा, मग परत बिल पाठवा, मग तक्रार आपोआप बंद, मग नवीन तक्रार नोंदवा. असं करत करत हिवाळा गेला, मी साल्हेर करून आलो, फट बोटभर झाली, आणि आता म्हणतात वापरून झिजलाय.

अपडेट : वरचं लिहून झालं आणि आज दुपारी कंपनीतून फोन आला. पुढच्या खरेदीवर डिस्काउंट कूपन देतो म्हणाल्या बाई. मला दुसरा बूट नकोय, आहे तोच दुरुस्त करून हवाय, असं सांगितलं तर वरिष्ठांशी बोलते म्हणाल्या. नीट बोलल्या, त्यांच्यावर राग नाही.

तोवर शालिमारला रस्त्यावर बसणाऱ्या काकांकडून पेस्टिंग करून वर शिलाई मारून घेतली, 180 रुपये. शिलाई मेम्ब्रेनच्या (पाणी अडवणाऱ्या आतल्या थराच्या) खालून घेतली, वर भोक पाडलं नाही, हे त्यांना सांगावंही लागलं नाही. काल घरी बादलीत उभा राहून बघितलं, पाणी आत येत नाही.

घ्यायचा असेल तर बूट घ्या, पाऊस आणि बर्फ दोन्हीला चांगला आहे. अर्धा साइज मोठा घ्या, उतारावर बोटांना जागा लागते. आणि दुकानातून बाहेर पडायच्या आधी चपटी लेस मागून घ्या, नाही दिली तर मेनरोडला पन्नास-साठ रुपयांत मिळते, फक्त जुनी लेस सोबत नेऊन लांबी मापून घ्या, कारण साध्या बुटांची लेस वरच्या हुकांपर्यंत पुरत नाही.