नव्या मीटरवर 11,246 किलोमीटर

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. सोळा वर्षं बाईक चालवतोय, चेन मी घरी साफ करतो, ब्रेक पॅड मी बदलतो. तरीही बेळगावातल्या एका गॅरेजवाल्याने मला भरदिवसा, माझ्या डोळ्यांसमोर, 11,050 रुपयांना बनवलं. नाव लिहीत नाही, कारण ग्राहक आयोगातला अर्ज अजून लटकलाय.

गेल्या पावसाळ्यात माझ्या टूरिंग बाईकचा पेट्रोलचा काटा वेड्यासारखा वागायला लागला. टाकी फुल्ल असताना एक काडी, खड्ड्यात आदळलं की सहा काड्या, सिग्नलला थांबलं की पुन्हा शून्य. साइड स्टँडवर काटा थोडा चुकतो, चढावर पेट्रोल मागे सरतं, ते ठाऊक आहे. हे तसलं नव्हतं.

शनिवारी गाडी दाखवली. त्याने चावी फिरवली, काचेवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाला, "मीटर गेलाय वो सर. पाणी शिरलंय. काय टेन्शन घेऊ नका, कोल्हापुरातनं ओरिजिनल मागवतो." टाकी उचलली नाही, वायरी जोडणारा कपलर बघितला नाही, मल्टिमीटर तर त्याच्या दुकानात होता की नाही देव जाणे. टिचकीवर निदान! तिथेच गाडी काढून घरी यायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन गोव्याला जायचं ठरलं होतं, आणि दुसऱ्या ठिकाणी चार दिवसांचा नंबर.

मीटर 9,800. मजुरी 850. 'सेन्सर क्लीनिंग' 400. अ‍ॅडव्हान्स 6,000 यूपीआयने, आणि स्क्रीनवर आलेलं नाव ना दुकानाचं ना त्याचं. "पार्टवाल्याचं हाय, डायरेक्ट पाठवा." पाठवले. उरलेले 5,050 रोख. बिल मागितलं तर "बिल पायजे तर जीएसटी वेगळा लागंल". वहीचा कागद फाडून त्यावर 'मीटर काम' एवढंच लिहून दिलं. पैसे ज्याच्या नावावर जातात तोच तुमचा दुकानदार, हे लक्षात ठेवा. वहीचा कागद घेऊन बाहेर पडू नका.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री कूस बदलतो. गाडी न्यायला गेलो, चावी फिरवली, काड्या आठच्या आठ. खूश झालो. मग त्याच मीटरमधल्या ओडोमीटरकडे, म्हणजे गाडी एकूण किती चालली त्या आकड्याकडे, नजर गेली. 11,246. माझी गाडी 34,812 किलोमीटर चाललेली. नवा मीटर म्हणजे शून्य असायला हवा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. विचारलं. तो हात पुसत म्हणाला, "कंपनी टेस्टिंगचे असतात." टेस्टिंगला अकरा हजार किलोमीटर! काचेच्या कडेला तांबडी माती बसलेली होती, मागच्या स्क्रूची खाच कुणीतरी आधीच खाल्लेली होती. हे सगळं मी बघितलं. बघून मान डोलावली. का? कारण मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि मला मूर्ख दिसायचं नव्हतं. जुना मीटर मागितला तर म्हणे "भंगारात गेला सर." बदललेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे सोडू नका, मग मागे दहा गिऱ्हाइकं असोत. माझा धडधाकट मीटर आज कुणाच्या गाडीवर असेल कोण जाणे.

टाकी फुल्ल करून ट्रिप मीटर शून्य करायचा आणि किलोमीटरवरून पेट्रोल धरायचं, ही माझी जुनी सवय. ती नेमकी मोडली, कारण दहा हजार मोजून घेतलेला काटा खरं बोलतोय असं धरलं. आंबोलीमार्गे गेलो, चोर्ला घाटाने परत निघालो. पणजीत तीन काड्या दिसत होत्या, पाऊस मी म्हणत होता, पंपावर रांग, म्हणून पेट्रोल भरलं नाही. बेळगावचा माणूस गोव्यातलं स्वस्त पेट्रोल न भरता परत येतो, हे मित्रांना सांगायचीही सोय नाही. घाट चढून कणकुंबीच्या अलीकडे गाडी दोन गचके देऊन बंद. तीन काड्या तशाच. रिझर्व्हचा दिवाही नाही, कारण माझ्या गाडीत तो काट्याच्याच फ्लोटवर, म्हणजे टाकीत तरंगणाऱ्या तुकड्यावर, चालतो, आणि इंजेक्शनच्या गाडीला पूर्वीसारखा रिझर्व्हचा कॉक नसतो. एका टेम्पोवाल्याने पाण्याच्या बाटलीतून दोन लिटर दिलं, 400 रुपये. बायको रेनकोटमध्ये उभी. बोलली काही नाही. तेच जास्त लागलं.

खानापुरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने अर्ध्या तासात उलगडा केला. टाकी वर उचलून तिच्या खालचा कपलर सोडवला: पिनांवर हिरवा गंज. खड्ड्यात काटा उड्या मारायचा तो या गंजामुळे. गॅरेजवाल्याने मीटर लावताना तो कपलर नुसता काढून घातला, म्हणून आठवडाभर ठीक चाललं. मग टाकीतल्या पंपाचं युनिट बाहेर काढलं. फ्लोटचा दांडा वाकलेला, पंपाला घासून मधेच अडकत होता. म्हणजे 400 रुपयांच्या 'क्लीनिंग'मध्ये आधी नसलेला दोष आत घालून दिला होता. मिस्त्रीने दांडा सरळ केला, मल्टिमीटर लावून फ्लोट हाताने खालून वर नेला. आकडा सलग बदलत गेला. त्याने मधेच उडी मारली असती तर आतली पट्टी झिजली असं समजायचं, आणि तेव्हाही सेंडर, म्हणजे टाकीतला पेट्रोल मोजणारा भाग, बदलायचा, मीटर नव्हे. स्प्रे, ओ-रिंग, मजुरी: 420.

मग पोलीस ठाणं. "हे सिव्हिल मॅटर." पैसे गेले ते खातं कोल्हापूर जिल्ह्यातलं निघालं, म्हणून "आमच्या हद्दीत नाही". अर्ज मराठीत होता, तर "कन्नडदल्ली बरेदु कोडि", कन्नडमध्ये लिहून द्या. कन्नड मी फाडफाड बोलतो, लिहिता येत नाही. लिहून घ्यायचे 250 गेले. सीमेवरचं कोगनोळी ओलांडून पलीकडे महाराष्ट्रातल्या ठाण्यात गेलो तर ते म्हणे गॅरेज कर्नाटकात, तिकडेच जा. सीमाभागात जन्म गेला, हद्दीचं राजकारण बापजाद्यांपासून ऐकतोय, पण 11,050 रुपये दोन्ही राज्यांच्या मधल्या पट्टीत पडू शकतात हे नवीन होतं. एका साहेबांनी तर विचारलं, "गाडी चालू आहे ना? मग तक्रार कसली?" शेवटी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण तिथे बिल विचारतात. माझ्याकडे वहीचा कागद. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि 34,812 दाखवणारा जुना सर्व्हिसिंगचा फोटो आहे, तेवढ्यावर अर्ज घातलाय. गाडी गॅरेजला सोडताना ओडोमीटरचा फोटो काढा, काही लागत नाही त्याला.

एकूण 12,120, माझ्या दोन रजा वेगळ्या.

गाडी विकायला काढली. परवा निपाणीहून एक जण बघायला आला. चावी फिरवून खूश, "अरे, कमीच चाललीय की!" मला गप्प बसता आलं असतं. खरं सांगितलं, 34,812 च्या पुढे धरा. त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग मीटर का बदलला वो?" सगळी कथा सांगितली, कागद दाखवला. चहा अर्धा ठेवून उठला तो.