तेविसाव्या वर्षी हेअर ट्रान्सप्लांट पुढे ढकलले : मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइडचा 14 महिन्यांचा अनुभव

केस विरळ होत असल्याचे माझ्या पहिल्यांदा लक्षात आले ते विसाव्या वर्षी, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसांची रेषा मागे सरकू लागली होती आणि भोवऱ्यापाशी टाळू दिसायला लागली होती. वडिलांना तिशीतच टक्कल पडले होते आणि थोरल्या मामांच्या डोक्यावर आता कानांच्या वरची झालर तेवढी उरली आहे. त्यामुळे हे कुठवर जाणार याचा अंदाज मला होता. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षाची शिल्लक मी हेअर ट्रान्सप्लांटसाठी बाजूला ठेवली, आणि माझ्या लग्नाचे बघायला सुरुवात होण्याआधी हे उरकलेले बरे, असे आईलाही वाटत होते.

पुण्यातल्या ज्या क्लिनिकमध्ये मी आधी गेलो तिथे डॉक्टरांची भेट झाली नाही. एका सल्लागार बाईंनी पेन्सिलीने माझ्या कपाळावर रेषा आखून दाखवली, ती माझ्या दहावीच्या फोटोतल्या रेषेइतकी खाली होती. 2,500 ग्राफ्ट (डोक्याच्या मागून मुळासकट काढून पुढे लावायचे केसांचे छोटे पुंजके), एका दिवसात काम, त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरल्यास सवलत आणि उरलेले पैसे हप्त्यांनी, असा प्रस्ताव होता. वडिलांच्या किंवा मामांच्या केसांबद्दल कोणी विचारले नाही. आरशात ती रेषा पाहून मला फार आनंद झाला होता, हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा वेळी सही करून मोकळे होणे किती सोपे असते हे माझ्या वयाच्या वाचकांना कळायला हवे. घरी बोलून कळवतो, एवढे सांगून मी बाहेर पडलो.

दुसऱ्या आठवड्यात एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो आणि तिथे चित्र पूर्ण बदलले. त्यांनी ट्रायकोस्कोप, म्हणजे टाळू मोठी करून दाखवणारे उपकरण, डोक्यावर फिरवून पडद्यावर दोन जागा शेजारी शेजारी दाखवल्या. डोक्याच्या मागच्या बाजूला एकेका छिद्रातून दोन-तीन जाड केस बाहेर आलेले होते, तर भोवऱ्यात जाड केसाला लागूनच लवेसारखे बारीक, फिकट केस होते. डीएचटी या संप्रेरकामुळे तिथली मुळे आक्रसत चालली होती. म्हणजे जे केस मला अजून शाबूत वाटत होते, त्यांतले बरेचसे जाण्याच्या वाटेवर होते.

शस्त्रक्रियेबद्दल त्यांनी जे समजावले ते इथे सविस्तर लिहितो, कारण माझा निर्णय त्यावरच झाला. मागचे केस काढून पुढे लावले तरी ते आपला मूळ, सहसा न गळण्याचा स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिले आणि आजची शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर उभी आहे. मात्र जिथून ग्राफ्ट काढला तिथे पुन्हा केस उगवत नाही, त्यामुळे मागचा साठा आयुष्यभरासाठी एकदाच मिळालेला असतो. टक्कल शेवटच्या टप्प्याला गेले तर सगळे डोके भरून काढायला तो साठा कोणालाच पुरत नाही. तेविसाव्या वर्षी त्यातले 2,500 ग्राफ्ट कपाळावर खर्च केले आणि पुढच्या दहा वर्षांत मधले मूळचे केस गेले, तर पुढे केसांचे बेट आणि त्यामागे उघडे माळरान अशी अवस्था होते. ती झाकायला पुन्हा ग्राफ्ट लागतात आणि तोवर मागचा साठा संपत आलेला असतो. शिवाय दहावीतली रेषा पंचेचाळिशीच्या चेहऱ्यावर शोभत नाही. पंचविशीच्या आत जाणकार सर्जन सबुरीचा सल्ला देतात तो यासाठीच. किमान एक वर्ष औषध घ्यायचे, केस कुठे स्थिरावतात ते पाहायचे आणि मग शस्त्रक्रियेचे बोलायचे, असे ठरले.

उपचार साधा आहे : 5 टक्के मिनॉक्सिडिल, सकाळ-रात्र एकेक मिलिलिटर, आणि 1 मिलिग्रॅम फिनास्टेराइडची रोज एक गोळी. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसल्यावर त्याचे डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले. फिनास्टेराइड हे टेस्टोस्टेरॉनचे डीएचटीमध्ये होणारे रूपांतर रोखते. 60 मिलिलिटरची बाटली बरोबर महिनाभर पुरते.

तिसऱ्या आठवड्यापासून केस जास्तच गळू लागले. न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा गुंता साचायचा आणि उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर सकाळी केस मोजता यायचे. जुने केस पडून नवे चक्र सुरू होताना असे होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, तरीही ते चार-पाच आठवडे मला फार जड गेले. मी औषध सोडले नाही ते केवळ आधी मिळालेल्या त्या पूर्वसूचनेमुळे. पुढे टाळूला खाज सुटून कोंड्यासारखे पापुद्रे निघू लागले. द्रावणातले प्रोपिलीन ग्लायकॉल मला सोसत नव्हते. ते नसलेले, फेसाच्या रूपातले मिनॉक्सिडिल घेतल्यावर पंधरा दिवसांत त्रास थांबला.

फिनास्टेराइडबद्दल मोकळेपणाने लिहिणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या महिन्यात कामेच्छा कमी झाल्याचे मला जाणवले. मी ते संकोच न करता डॉक्टरांना सांगितले, त्यांनी महिनाभर लक्ष ठेवायला सांगितले आणि चौथ्या महिन्यापर्यंत सगळे पूर्ववत झाले. प्रत्येकाचे असेच होईल असे नाही. काहींना हा त्रास टिकून राहिल्याच्या नोंदी आहेत, आणि नैराश्य व आत्महत्येचे विचार यांबद्दलचा इशाराही या औषधाबाबत दिलेला आहे. मित्राच्या सांगण्यावरून, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, ही गोळी कोणीही सुरू करू नये.

ज्या दोन गोष्टी मला आधी ठाऊक नव्हत्या, त्याही सांगतो. ही गोळी चालू असताना रक्तदान करता येत नाही, शेवटच्या गोळीनंतरही महिनाभर थांबावे लागते, कारण ते रक्त गरोदर स्त्रीला दिले गेल्यास पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात मी दरवर्षी रक्त देत असे. गेल्या वर्षी अर्ज हातात घेऊन परत द्यावा लागला, त्याचे वाईट वाटले. दुसरी गोष्ट म्हणजे मिनॉक्सिडिल मांजरांसाठी विषारी आहे, थोडेसे चाटले तरी जीव जाऊ शकतो. माझ्या खोलीतल्या मित्राची मांजर माझ्या उशीवर झोपायची. आता खोलीचे दार बंद असते आणि औषध लावल्यावर मी लगेच हात धुतो.

परिणाम असा : सहाव्या महिन्यापर्यंत फक्त गळती आटोक्यात आली. नवव्या महिन्यात भोवरा भरू लागला आणि आज ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत तिथली टाळू जवळजवळ दिसत नाही. कपाळाचे कोपरे मात्र होते तिथेच आहेत, एक केसही पुढे आलेला नाही. औषध थांबवले तर मिळवलेले सगळे काही महिन्यांत जाईल, हेही खरे. शस्त्रक्रिया केली असती तरी मूळचे केस राखायला ही औषधे घ्यावीच लागली असती, हे त्या क्लिनिकमध्ये मला कोणी सांगितले नव्हते.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणे हे प्रशिक्षण म्हणून पुरेसे नाही, असे स्पष्ट केले आहे. त्यामुळे सुरी कोणाच्या हाती असणार, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारणार आहे. गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, की केस असेच स्थिर राहिले तर अठ्ठाविसाव्या वर्षी फक्त कोपऱ्यांपुरते, 2,500 पेक्षा बरेच कमी ग्राफ्ट लागतील आणि रेषाही वयाला साजेशी, थोडी वर ठेवता येईल. बाजूला ठेवलेली रक्कम मी गेल्या महिन्यात वडिलांच्या सहकारी बँकेत तीन वर्षांच्या मुदतठेवीत गुंतवली आहे.