पाकिटावरचा १८००-११-२३५६ : आमच्या घरचा अनुभव

सिगरेटच्या पाकिटावर त्या भयंकर फोटोसोबत २०१८ पासून हा नंबर छापलेला असतो. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन. फोन फुकट, आणि मराठीत बोलता येतं. माझ्या नवऱ्याने तो ऐरोलीच्या घरातून रविवारी सकाळी लावला.

समुपदेशक बाईंनी उपदेश केला नाही. दिवसाला किती, उठल्यावर पहिली किती वेळात, घरात आणखी कोण ओढतं, एवढं विचारलं. सोडायची तारीख त्यालाच ठरवायला लावली. तल्लफ आली की थोडं थांबायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, घोट घोट पाणी प्यायचं, दुसऱ्या कामाला लागायचं. पुढचे फोन तिकडूनच येतात, हे मला सगळ्यात आवडलं. पुन्हा ओढली की माणूस स्वतःहून फोन करायला लाजतो. औषध मात्र फोनवरून मिळत नाही. निकोटिनचं गम मेडिकलमधून आणलं. ते सारखं चघळायचं नसतं. चुरचुरलं की गालात धरून ठेवायचं.

पण मी लिहितेय ते मुलामुळे. दहावीत आहे. "बाबा इतकी वर्षं ओढतात, काय झालंय त्यांना? नको वाटली की सोडतील," हे त्याचं ठाम मत होतं. त्याने काय पाहिलं होतं? गॅलरीत निवांत उभा असलेला बाप. तल्लफ त्याला कधी दिसलीच नव्हती. पाकीट आणायलाही कधीमधी तोच खाली जायचा. अठरा वर्षांखालच्यांना विकायला २००३ च्या कायद्याने बंदी, सुटी सिगरेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी; तरी कोपऱ्यावरच्या टपरीवर "बाबांना हवीय" एवढं पुरायचं. उद्या स्वतःसाठी मागितली असती तरी कुणी अडवलं नसतं.

त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. "उठल्यावर पाच मिनिटांत लागते," असं बाबा म्हणाला आणि हा पोहे खाता खाता थांबला. नंतर त्याने बापाची चिडचिड पाहिली, रात्री दोन वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या पाहिल्या. आता रोज संध्याकाळी विचारतो, "आज फार त्रास झाला का?" 'सोडतील की' हे शब्द त्याच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत.

माझ्याकडून पाचपैकी पाच. घरात या वयाचं मूल असेल तर फोन आतल्या खोलीत दार लावून करू नका, त्याच्यासमोर करा.