नऊ महिने वापरलेला साडेसातशेचा ओबीडी स्कॅनर, आणि त्याचा तो निळा दिवा

आधीच सांगतो, पाचपैकी साडेतीन. दीड गुण दिव्यानं खाल्ले, त्याबद्दल खाली सविस्तर.

मार्चमध्ये सायनच्या सिग्नलला गाडी धडधडायला लागली. 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, 91 हजार किलोमीटर. रेस दिली की एकदम गुळगुळीत, उभी राहिली की मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही. चेक इंजिनचा दिवा आधी नुसता पेटला, मग लुकलुकायला लागला. तो लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जात असतं, तशी गाडी रेटायची नसते. सर्व्हिस सेंटरनं एस्टिमेट दिलं 14,600: चारही कॉईल (प्लगला ठिणगीचा करंट देतात त्या), चार प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारतात ते) क्लीनिंग. चारही कशाला, तर म्हणे, "सर, सेटमध्येच बदलतात." घरी येऊन त्याच रात्री हा ब्लूटूथवाला स्कॅनर मागवला. गाडीच्या ओबीडी पोर्टात खोचला की गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवतो.

कोड आला पी0303. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तीन नंबर मिस मारतोय. मी शहाणा, लगेच 2,100 ची नवी कॉईल आणून तीन नंबरला बसवली. धडधड तशीच! मग सुचलं, जे फुकटात पहिल्यांदा करायचं होतं ते: तीनची कॉईल दोनवर, दोनची तीनवर. कोड तीनवरच राहिला. प्लगचीही अदलाबदल केली, तरी तीनच. म्हणजे जुनी कॉईल ठणठणीत होती आणि नवी आता माळ्यावर आहे.

जुलैत इथवर लिहून ठेवलं होतं आणि खाली "पैसे पाण्यात, घेऊ नका" असा शेरा मारला होता. तो मागे घेतो. चूक यंत्राची नव्हती. कोड फक्त सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही. मी त्यालाच निकाल समजून बसलो.

खरी किंमत वसूल झाली लाईव्ह डेटात. फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे असतात, शॉर्ट आणि लाँग. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय ते त्यात दिसतं. माझा लाँग टर्म आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक 19. रेस देऊन 2,500 आरपीएमवर धरला तर अधिक 4. इथे ट्यूब पेटली. कुठून तरी चोरटी हवा आत येतेय, तिची भरपाई म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतोय. आयडलला इंजिन मुळात हवा थोडीच घेतं, त्यामुळे चोरीचा वाटा मोठा दिसतो. रेस दिली की तीच गळती एकूण हवेत बुडून जाते. (माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर आहे. हवेऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवाल्या गाडीत हा आकडा इतका स्पष्ट दिसेलच असं नाही.)

रविवारी सकाळी, इंजिन थंड असतानाच सुरू करून, कार्ब क्लीनरच्या फवाऱ्याची बारीक नळी सांध्यासांध्यावर फिरवली. जिथे गळती असते तिथून फवारा आत ओढला जातो आणि इंजिनची चाल बदलते. गरम मॅनिफोल्डवर हा फवारा पेट घेऊ शकतो, ती हौस करू नका. पीसीव्हीची (इंजिनच्या आतली वाफ परत ओढून घेणारी) नळी, काही नाही. थ्रॉटलचं गॅस्केट, काही नाही. तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी नळी नेली आणि धडधड दोन सेकंद थांबली. परत मारला, परत थांबली. मी तिथे एकटाच हसत उभा.

इंजेक्टरची खालची ओ-रिंग, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारं रबरी कडं. पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडू दिली, म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं, मग रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) उचलली. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या दुकानात चाचांनी जुनी रिंग नखानं दाबून पाहिली, एका बाजूनं चपटी, टणक. म्हणाले, "ये तो बांगडी हो गयी." चार रिंगा 240 रुपये. लाँग टर्म आता अधिक 3, नोव्हेंबर संपला तरी तसाच.

आता दिवा. या स्कॅनरला बटण नाही. ओबीडी पोर्टच्या सोळा नंबर पिनला चावी काढली तरी बॅटरीचा करंट येतो, त्यामुळे हा रात्रंदिवस जागा. वॉचमनचा तीनदा फोन: "साहेब, गाडीत काहीतरी जळतंय." मल्टीमीटर लावला तर 45 मिलिअँपिअर, दिवसाला एक अँपिअर-अवरच्या वर. गणपतीला 18 दिवस गावी होतो, बॅटरी 35 ची. परत आल्यावर नुसतं टक-टक. जंपस्टार्टचे 500 गेले. काढून ठेवा म्हणाल, तर पोर्ट स्टिअरिंगखाली आतल्या बाजूला. बोनेटखाली तासन्‌तास वाकणारी माझी कंबर तिथे मात्र दोन मिनिटांत बोलते. शेवटी बटणवाली एक्स्टेंशन केबल घेतली, 350 ला. स्कॅनरच्या जवळपास निम्म्या किमतीत एक बटण.

त्या केबललाही दिवा आहे. लाल.