उद्देशिकेची फ्रेम: काच स्वच्छ, हुक कच्चा

नौपाड्यातल्या एका फ्रेमवाल्याकडून संविधानाच्या उद्देशिकेची मराठी फ्रेम घेतली, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात लावायला. १२ बाय १८ इंच, ३८० रुपये. लाकडी पट्टी सरळ, काच स्वच्छ. मागचा हुक मात्र पहिल्याच दिवशी निघाला.

३० वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे छापलेलं तपासायची खोड. वाचते तर 'समाजवादी', 'धर्मनिरपेक्ष' गायब! परत गेले. दुकानदार म्हणाले, "मॅडम, हे ओरिजिनल आहे, १९४९चं." ते शब्द १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आले, हे खरंच. पण मग 'एकात्मता' कशी छापली? तीही त्याच दुरुस्तीतली! म्हणजे ताटातलं आवडीचं तेवढं वेचून खाल्लं. त्यांनी कुरकुर न करता दुसरी प्रत बदलून दिली, याचा एक तारा जास्त.

आता फ्रेम लागली ती नेमकी 'कामवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी' या पाटीशेजारी. एका बाजूला 'दर्जाची व संधीची समानता', दुसऱ्या बाजूला ही पाटी, मध्ये वीतभर भिंत. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण शिरतो आहोत, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावलं होतं. आमच्या ऑफिसात ते एकाच भिंतीवर दिसतं.

सेक्रेटरींना म्हटलं, दोन्हींतलं एक काढा. ते म्हणाले, "फ्रेम जरा डावीकडे सरकवू या का?"

पाचपैकी चार तारे. हुक पक्का करून मागा.