प्लास्टीनंतरच्या गोळ्या, आठ महिन्यांनी: कोणते दुष्परिणाम खरे निघाले आणि कोणते नाहीत

जानेवारीत छातीत दुखून ॲडमिट झाले, एक स्टेंट टाकला आणि घरी येताना हातात गोळ्यांची यादी आली. रक्त पातळ करणाऱ्या दोन, ॲस्पिरिन ७५ आणि टिकाग्रेलॉर ९० (ही सकाळ-संध्याकाळ), कोलेस्टेरॉलसाठी आटोर्वास्टॅटिन ८०, नाडी आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल २५, बीपी आणि हृदयासाठी रामिप्रिल २.५ आणि पोटासाठी पँटोप्राझोल. वय ५७. तोवर तापाच्या गोळीपलीकडे नियमित काही घेतलेलं नव्हतं. डिस्चार्जच्या वेळी सांगितलं गेलं ते एवढंच: वेळेवर घ्या, स्वतःहून बंद करू नका. बाकीची माहिती लेकीनं मोबाइलवर वाचून दाखवली आणि त्या रात्री मला आजारापेक्षा औषधांचीच भीती जास्त वाटली. धाप, खोकला, स्नायूदुखी, रक्तस्राव, चक्कर, यकृत, मूत्रपिंड. शरीराचा एकही भाग त्या यादीतून सुटला नव्हता.

मी डॉक्टर नाही. तुमची गोळी, डोस, किडनी, साखर वेगळी असेल, तेव्हा हे वाचून आपल्या गोळ्यांत फेरफार करू नका. माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त घाबरवलं ते टिकाग्रेलॉरनं. घरी आल्यावर लगेचच सुरू झालं. पलंगावर पडल्या पडल्या मोठा श्वास ओढून घ्यावासा वाटायचा आणि घेतला तरी तो पुरा पडल्यासारखा वाटायचा नाही. गंमत अशी की ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या इमारतीचे जिने हळूहळू चढताना हे व्हायचं नाही, व्हायचं ते बसल्या जागी. मी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बोलावून ईसीजी, इको, ऑक्सिजन सगळं बघितलं. ठीक होतं. मग डॉक्टरांनी सांगितलं की ही या गोळीची ओळखीची तक्रार आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्लेटो' या मोठ्या चाचणीत टिकाग्रेलॉर घेणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना धाप जाणवली, तर क्लोपिडोग्रेल ही त्याच कामाची जुनी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के. पण त्या कारणानं गोळी सोडावी लागली ती शंभरात जेमतेम एकाला. त्याच चाचणीत हृदयविकारानं मृत्यू, पुन्हा ॲटॅक किंवा पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण ११.७ वरून ९.८ टक्क्यांवर आलं होतं. हे आकडे कळल्यावर धाप काही कमी झाली नाही, पण तिची दहशत गेली. काही आठवड्यांत धापही विरळ होत गेली.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगते. आडवं पडल्यावर दम कोंडणं, पाय सुजणं, छातीवर दाब येणं, घाम फुटणं हे 'गोळीमुळे असेल' म्हणून अंगावर काढायचं नसतं. तेव्हा १०८. आणि धाप नकोशी झाली म्हणून ही गोळी आपल्या मनानं थांबवली, तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. बदलायचीच असेल तर क्लोपिडोग्रेल आहे, पण ती अदलाबदल डॉक्टरांनी करायची. समोरच्या काकूंनी 'दोन दिवस बंद करून बघ की' असं अगदी मायेनं सुचवलं होतं. माया कळली, सल्ला मात्र तिथेच सोडला.

खोकल्याची कहाणी लांबली. महिना उलटून गेल्यावर घशात खवखव आणि कोरडा, ठसक्यासारखा खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, रात्री जास्त. ठाण्यात खोकल्याला कारण शोधायला लांब जावं लागत नाही. घोडबंदर रोडला बहिणीकडे जाऊन आले होते, त्यामुळे मेट्रोच्या कामाच्या धुळीवर सगळ्यांचं एकमत झालं. वहिनींनी ज्येष्ठमध दिलं, सितोपलादी झालं, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सिरप दिलं. ढिम्म फरक नाही. हृदयाच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेले तेव्हा समोर बसून दोनदा खोकले, एवढ्यावरच त्यांनी विचारलं, "रामिप्रिल घेताय ना?" रामिप्रिलच्या गटातल्या (एसीई इनहिबिटर) गोळ्यांमुळे ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य शरीरात साठतं आणि घशात-श्वासनलिकेत खाज आणतं. बायकांमध्ये हे जास्त दिसतं आणि सिरपनं ते जात नाही, गोळी बदलल्यावरच जातं. तिच्याऐवजी वेगळ्या गटातली टेल्मिसार्टन ४० दिली. खोकला दुसऱ्या दिवशी थांबेल ही माझी समजूत फोल ठरली, पुरता जायला तीनेक आठवडे लागले. रामिप्रिलच्या गटाच्या गोळ्यांनी क्वचित ओठ, जीभ, चेहरा सुजतो. तसं झालं तर खोकल्यासारखी वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी.

टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर पोटॅशियम (ते या गोळीनं वाढू शकतं) आणि क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) तपासायला सांगितलं होतं. ही तपासणी लोक सर्रास टाळतात, टाळू नका. बीपीसाठी चांगलं म्हणून बाजारात जे 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियमच असतं आणि या गोळ्यांबरोबर ते अडचणीचं ठरू शकतं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येत होता, त्यातही पोटॅशियम असतं म्हणून तेही विचारून घेतलं. रिपोर्ट नॉर्मल असल्यानं अधूनमधून चालेल म्हणाले, रोज नको.

आता बदनाम झालेली कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन; माझी आटोर्वास्टॅटिन. ओळखीतल्या प्रत्येकाकडे हिच्याबद्दल एक भयकथा आहे. माझ्याही मांड्या दुखायला लागल्या. स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी सीके नावाची रक्ततपासणी केली, नॉर्मल. त्यावर डॉक्टरांनी २०२० सालचा 'सॅमसन' हा प्रयोग सांगितला. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० माणसांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटूनपालटून ठेवलं. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास नोंदला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीतही झाला! गोळीच्या महिन्याशेजारी रिकामा महिना ठेवल्यावरच फरक दिसला. ऐकून पहिल्यांदा रागच आला. म्हणजे माझं दुखणं खोटं? तसं नाही. दुखणं खरंच असतं, कारण मात्र औषधाऐवजी धास्ती असू शकतं. पुढे मासुंदा तलावाच्या काठानं रोज चालायची सवय झाली आणि मांड्यांची तक्रार कधी गेली ते कळलंही नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२ होतं, ते ५८ वर आलं, मग डोस ८० चा ४० केला. काहींना गोळीमुळेच खरा स्नायुदाह होतो, नाही असं नाही. दुखण्याबरोबर अशक्तपणा आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि गणपतीत कोकणातून पपनस येतं ना, ते आटोर्वास्टॅटिन घेणाऱ्यांनी बाजूला ठेवावं. त्यातल्या घटकांमुळे गोळी रक्तात जास्त साठते. मला पपनस आवडतं, पण यंदा नैवेद्य दाखवून वाटून टाकलं.

मेटोप्रोलॉलबद्दल बोलायचं तर हातापायाची बोटं गार पडतात, दुपारी अंग जड होतं आणि स्वप्नं फार रंगीत पडतात. नाडी ५४-५६ असते, ती चालेल म्हणाले, पण पन्नासच्या खाली गेली किंवा भोवळ आली तर फोन करायचा. पहाटे झटकन उठायचं नाही, पलंगाच्या कडेला बसून मग उभं राहायचं. या गोळीचा खरा प्रसंग दुकानात घडला. एकदा मेडिकलवाल्यानं माझी कंपनी नाही म्हणून दुसरी स्ट्रिप दिली. नाव मेटोप्रोलॉलच, आकडाही २५. पण माझी 'सक्सिनेट', दिवसभर हळूहळू सुटणारी, एकदाच घ्यायची. हातात आली ती 'टार्ट्रेट', जिचा असर लवकर उतरतो. "एकच आहे हो ताई," असं त्याचं म्हणणं. एक नाही! मी परत दिली. जेनेरिकला माझा विरोध नाही, दोन गोळ्या मी जनऔषधी केंद्रातूनच आणते. पण कंपनी बदलली तर नावाचा दुसरा शब्दसुद्धा जुळवून बघा.

रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकदम म्हटल्यावर दंडावर काळेनिळे डाग आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येणारच, ते मी आता मोजत नाही. विळीवर बोट कापलं तर दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं, मध्येमध्ये उघडून बघायचं नाही. काळी, डांबरासारखी शौच झाली तर मात्र लगेच डॉक्टर. गुडघेदुखीला कॉम्बिफ्लाम-ब्रुफेन बंद, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि ॲस्पिरिनच्या कामातही अडथळा येतो. पॅरासिटामॉल चालतं.

या सगळ्यात खरी उपयोगी पडली ती साधी वही. काय झालं, किती वाजता, गोळीनंतर किती वेळानं, तेव्हा मी काय करत होते. डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या पाच मिनिटांत 'मला ना कसंतरीच होतं' यापेक्षा ही वही कितीतरी जास्त बोलते. 'बसलेली असताना धाप, जिन्यावर नाही' हे त्या वहीतूनच निघालं. औषधाचा दुष्परिणाम सरकारकडे रुग्णालाही नोंदवता येतो, हे मात्र मला फार उशिरा कळलं. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा टोल फ्री क्रमांक.

सध्या अडलंय ते दातापाशी. दाढ काढायची आहे आणि दातांचे डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या गोळ्या आधी पाच दिवस बंद ठेवा. हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं: पहिल्या वर्षात दोन्हीपैकी एकही थांबवायची नाही, दाढ फार त्रास देत नसेल तर जानेवारीनंतर काढा, आणि तोवर थांबणं शक्यच नसेल तर गोळ्या चालू ठेवून, जागेवरच रक्त थांबवायची तयारी ठेवून काढा. तसं पत्रच लिहून दिलंय. ते फाइलमध्ये सगळ्यात वर लावलंय आणि तूर्त डाव्या बाजूनं चावते आहे.