पेढीवर जाऊन सांगावं की ईमेल करावा?

इंदूरच्या सियागंज बाजारात व्यापाऱ्याला काही पटवायचं, तर आर्टिकलशिपच्या (सीएच्या हाताखाली प्रशिक्षण घेणाऱ्या) मुलांपुढे हे दोन मार्ग. ईमेलचा पुरावा राहतो, पण शेठजी तो वाचतीलच असं नाही. पेढीवर गिऱ्हाईक आणि फोन सांभाळत दहाच मिनिटं मिळतात, तीही हिंदीत. तिथे कलमं ऐकवू नका. उदाहरणार्थ, एका दिवसात एकाला १०,००० रुपयांवर रोख दिली, तर सहसा तो खर्च आयकरात वजा होत नाही. त्यांचंच ५०,०००चं रोख बिल समोर ठेवा: ३० टक्क्यांच्या टप्प्यात १५,००० जादा कर, उपकर वेगळा. कान टवकारतातच! मग त्याच संध्याकाळी ईमेल टाका. नुसती कागदपत्रं मागवायला मात्र पेढीवर हेलपाटा कशाला?